अंबादास कंट्रोलरचा फळा

रस्त्यात कोणी भेटलं तर आपण रामराम करतो, चहा झाला का विचारतो, अगदीच काही सुचलं नाही तर उन्हाला नावं ठेवतो. अंबादास कंट्रोलर यातलं काही करत नाही. तो समोर येऊन उभा राहतो, तुमच्या हातातल्या पिशवीकडं बघतो आणि विचारतो, "मुक्काम कुठं?"

तुम्ही तहसीलदार असा की भाजीवाली, प्रश्न तोच. आवाजही तोच. तीस वर्षं आमच्या गावच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणून माईकमध्ये बोलून त्याचं नरडं कायमचं मोठ्यावर अडकलं आहे. कानात सांगायची गोष्टसुद्धा तो पाच फलाटांना ऐकू जाईल अशी सांगतो. एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तात्या, पायजम्याची नाडी लोंबतीय." परळीच्या गाडीतल्या बाया खिडकीतून बघायला लागल्या.

त्याच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. कोणीतरी हौसेनं माईक त्याच्या हातात दिला. वरात कोपऱ्यावर दिसली तसा हा सुरू झाला, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. उमापूरहून गेवराई मार्गे येणारा नवरदेव फलाट क्रमांक एकवर लागत आहे. नवरदेव थेट आहे, मधी कुठंही थांबणार नाही." मांडवातल्या चार म्हाताऱ्या खरंच पिशव्या उचलून उभ्या राहिल्या. नवरदेवाचा बाप लालबुंद झाला. नवरदेव मात्र खूश होता. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कोणी थेट म्हणालं होतं.

माझं दुकान स्टँडाच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे कटिंग-दाढीचं. दोन खुर्च्या, एक बाकडं, एक आरसा, त्याचा खालचा कोपरा उडालेला. बाप तिथंच बसायचा, मीही तिथंच बसलो. अंबादासला मी माझी पहिली कात्री घेतली तेव्हापासून बघतो आणि खरं सांगतो, मी त्याला डोक्यानं जरा सैलच समजत होतो. रिटायर झाला तरी सकाळी सहाला खाकी पँट घालून स्टँडावर हजर. पगार नाही, खुर्ची नाही. नवा कंट्रोलर त्याला बघितलं की खिडकी लावून घेतो.

स्टँडावर लाल अक्षरांची विजेची पाटी आली तेव्हा गाड्यांच्या वेळा लिहायचा जुना लाकडी फळा भंगारात निघाला. अंबादासनं तो डोक्यावर घेतला आणि भर बाजारातून आपल्या खोलीवर नेला. मी दारातून ओरडलो, "बे, घरी फळ्यावर काय लिवणार हाईस?"

"गाड्या."

आम्ही समदे हसलो. बायको नाही, लेकरू नाही, आता हा घरात बसून गाड्या सोडणार.

मग हळूहळू कळलं तो स्टँडावर काय करतो ते. त्याची एक पारख आहे, ती दुसऱ्या कोणाकडं मी बघितली नाही. म्हणाला, "तात्या, स्टँडावर बसलेला माणूस गाड्यांकडं तोंड करून बसला तर समजायचं, प्रवासी. त्याला कुठंतरी जायचंय. गाड्यांकडं पाठ करून बसला, की त्याला मुक्काम न्हाई. कपडे बघू नको, पिशवी बघू नको. पाठ बघ."

मी म्हणालो, "एखाद्याला ऊन लागत असंल."

"ऊन लागलं तर माणूस जागा बदलतो. तोंड न्हाई बदलत."

आणि हा त्या पाठमोऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचा. मुक्काम कुठं, विचारायचा. शिव्या खायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. मग एखाद्याला दवाखान्यात नेऊन बसव, एखादीच्या भावाला फोन लाव, कोणाला खानावळीत भांडी घासायला चिकटव, असं याचं चालायचं. चौसाळ्याचा एक म्हातारा लेकांनी बाहेर काढला होता. अंबादासनं त्याला दोनदा नेऊन सोडला, दोनदा तो परत आला. तिसऱ्यांदा हा त्याच्या घरासमोर चावडीच्या बाजूला उभा राहिला आणि आपल्या माईकच्या आवाजात, माईक नसताना, सुरू झाला, "ग्रामस्थांनी लक्ष द्यावं. ह्या घराचे वडील आज आठ दिवस झाले स्टँडावर लागलेले आहेत. मुक्कामाचं घर हेच आहे. घरवाल्यांनी उतरवून घ्यावं." तीन वेळा म्हणाला. एसटीत तीन वेळा म्हणायची पद्धत आहे. तिसऱ्या वेळेला थोरला लेक बाहेर आला आणि बापाच्या हातातलं गाठोडं घेतलं. अंबादास म्हणाला, "लाजेनं नेला का मायेनं नेला, ते मला नको. दार उघडलं ना?"

तरी मी त्याला सैलच म्हणत होतो. कावून, की माझं घर तेव्हा भरलेलं होतं.

माझी बायको, कौसा, गेली. सकाळी दुकानाचं पाणी तापवून दिलं, दहाला छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती. एवढंच. लोक आले, बसले. कोणी म्हणालं सोनं झालं तिचं, कोणी म्हणालं धीर धरा. पोरगा पुण्याहून आला, तेराव्यानंतर सुट्टी संपली म्हणून गेला. त्याचा दोष नाही. अंबादास आला तो दारात उभा राहिला आणि विचारलं, "तात्या, मुक्काम कुठं?"

माझ्या हातात तांब्या होता. फेकणारच होतो. म्हणालो, "घरात बसलोय ते दिसत न्हाई का बे? निघ हितून."

गेला. मीही दुकानाला कुलूप लावलं ते लावलं. दुकानाचे टॉवेल कौसा धुवायची. शेवटची धुतलेली चळत घडी घालून, मधी कापराची वडी ठेवून, तिनं कपाटात ठेवली होती. ती वापरायची म्हणजे घडी मोडायची. मला ते होईना. घरात बसलं की भिंती बोलायच्या, म्हणून दिवसा स्टँडावर जाऊन बसायला लागलो. चार नंबरचं बाकडं, पेपरच्या टपरीच्या मागं. तिथं सावली असते.

त्याच स्टँडावर सोजरबाई राहायची. वय तिलाही माहीत नाही. जन्मभर ऊसतोडीला गेलेली. एका हंगामात ट्रॅक्टरवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. टोळीनं दवाखान्यात टाकली, दवाखान्यानं जोडून सोडली, गावी गेली तर पुतण्यानं तिची खोली पाडून गोठा बांधलेला. तेव्हापासून स्टँड. एक पत्र्याची पेटी, एक तवा आणि जीभ. जीभ अशी, की दारुडे तिच्या कोपऱ्याला वळसा घालून जायचे.

उन्हाळा संपताना स्टँडावर कागद चिकटला. जुना स्टँड पाडून नवा बांधायचा, महिनाभरानंतरच्या सोमवारपासून आत कोणी राहायचं नाही. गाड्या शेजारच्या मैदानातून सुटणार. गाड्यांची सोय झाली. सोजरबाईची कोणी केली नाही. मोडक्या मांडीनं ती रस्त्यावर, पावसाच्या तोंडावर.

गावात बेघरांचा निवारा आहे. चांगला आहे, खाटा आहेत, भिंतीला रंग आहे. अंबादास तिला रिक्षानं तिथं घेऊन गेला. मॅनेजर म्हणाला, "आधार कार्ड लागतं." आधारवाल्याकडं नेली. त्याच्या मशीनवर तिचा अंगठा उठेना. कोयता धरून धरून बोटावरच्या रेषा पार घासलेल्या. तो म्हणाला, "आणि पत्त्याचा पुरावा? निवाऱ्याचं पत्र आणा." निवाऱ्यात गेली. मॅनेजर म्हणाला, "आधार असल्याशिवाय पत्र कसं देऊ? दवाखान्यात विचारा, त्यांच्याकडं नोंद असंल." दवाखान्यातले साहेब म्हणाले, "जुना केसपेपर काढायला ओळखपत्र लागतं. आधार आणा."

ही फेरी अंबादासनं तिला घेऊन तीनदा मारली. सोजरबाई म्हणाली, "कंट्रोलर, ऊस तोडताना बी मी इतकी फिरले न्हाई. मला जित्तेपणी कागद मिळंना, मेल्यावर मातुर आपसूक मिळंल बघ."

तिघांना एका जागी बसवायचं म्हणून त्यानं बैठक बोलवली. एक आला नाही, दुसऱ्याला तालुक्याची मीटिंग होती, तिसरा आला आणि दोघं नाहीत म्हणून गेला.

गुरुवारी अंबादास माझ्या बाकड्यापाशी आला. "तात्या, रविवारी दुकान उघड. नऊ वाजता. तीन गिऱ्हाईकं हायेत."

"दुकान बंद केलंय मी."

"दुरुस्तीला गेलेली गाडी कवा येणार ते डेपो सांगत न्हाई. तू तरी सांग."

"बे, डोकं फिरलंय का तुझं? स्टँडासमोर चार सलून चालू हायेत. तिथं ने."

"तिथं टीव्ही हाय. माणसं टीव्ही बघतेत. म्हातारीकडं कोण बघंल?" मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "तुझं दुकान बंद झालं अन् सोजरबाईचं गरम पाणी बी बंद झालं. ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. कौसा दुकानाचं पाणी तापवायची तेव्हा रोज सकाळी एक तांब्या जास्त तापवायची. तो कुठं जातो, मी कधी विचारलं नाही. सोजरबाईची मांडी शेकायला जायचा. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते स्टँडावरच्या माणसाकडून कळलं.

रविवारी सकाळी कपाट उघडलं. कापराचा वास आला. चार टॉवेल होते. तीन बाहेर काढले. घडी मोडली.

नऊच्या ठोक्याला अंबादास एकेकाला घेऊन आला. प्रत्येकाला निराळं सांगितलेलं, नंबर तुमचाच पहिला. निवाऱ्याचा मॅनेजर एका खुर्चीत, आधारवाला दुसरीत, दवाखान्यातले साहेब बाकड्यावर. एकमेकांना बघून तिघं चपापले. अंबादास मला म्हणाला, "तात्या, आधी तिघांना बी साबण लाव. दाढी मागनं."

मी साठीपुढचा माणूस, तीन पिढ्यांचा धंदा. असा हुकूम कधी ऐकला नव्हता. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी ब्रश फिरवायला लागलो. तिघांचे चेहरे कानापर्यंत पांढरे झाले. तेव्हा त्यानं दार उघडलं आणि सोजरबाईला आत आणून दारातच पेटीवर बसवली. दार अडलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," अंबादास म्हणाला. दुकान एवढंसं, त्यात तो आवाज. आरसा थरथरला. "सोजरबाई गेले तीन आठवडे तीन फलाटांवर फिरती हाय. मॅनेजर साहेब, तुमाला काय लागतं?"

मॅनेजर फेसातून म्हणाला, "कंट्रोलर, ही काय जागा हाय का?"

"काय लागतं?"

"आधार."

"आधारवाले साहेब, तुमाला?"

"पत्ता. आन् अंगठा उठत न्हाई तिचा."

"अंगठा उठला न्हाई तर दुसरं काय चालतं?"

आधारवाल्यानं खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मी वस्तरा हातात घेऊन त्याच्या मागं उभा होतो. मी काही केलं नाही, नुसता उभा होतो. तो आरशात माझ्याकडं बघून म्हणाला, "डोळ्याचं मशीन हाय. डोळ्यावर होतं."

"मग तीन आठवडे डोळा कुठं गेलता?" सोजरबाई म्हणाली. "माझ्या तोंडावरच हाय की रे दोन्ही."

"पत्त्याला काय चालंल?"

"निवाऱ्याचं पत्र. लेटरहेडवर."

"मॅनेजर साहेब, पत्र द्यायला काय लागंल?"

"नाव, वय, ही तीच बाई हाय म्हणून कुठला तरी सरकारी कागद. काहीतरी लागतंच ना हो."

अंबादास बाकड्याकडं वळला. दवाखान्यातल्या साहेबांच्या मिशीवरचा साबण वाळून पांढरे पोपडे धरायला लागले होते. "साहेब, हिचं हाड तुमीच जोडलं. केसपेपरवर नाव हाय, वय हाय, अंगावरची खूण हाय. त्यो काढायला हिचं आधार लागतं. आधाराला पत्र लागतं. पत्राला केसपेपर लागतो. आता तुमी तिघं बी हितंच हायेत. गाडी कोणी पहिल्यांदा सोडायची, तेवढं ठरवा."

बाहेर सायकलची घंटी वाजली. मला वाटलं, आता एकजण फेस पुसून उठणार, आणि सोमवारी ही बाई रस्त्यावर. आम्ही सगळे सोजरबाईकडं बघत होतो. ती आमच्याकडं बघत नव्हती. तिनं आपले दोन्ही अंगठे पदरात झाकून घेतले होते. तेवढ्या एका गोष्टीची तिला लाज वाटत होती.

दवाखान्यातल्या साहेबांनी ते बघितलं. खाकरले. म्हणाले, "रविवारी रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडंच असते. दाढी झाली की काढून देतो."

"मग मी पत्र दुपारी टाइप करतो," मॅनेजर म्हणाला.

"मशीन घरीच हाय," आधारवाला म्हणाला. "पावती आजच निघंल. पावतीवर घ्याल ना, मॅनेजर?"

"घेतो की."

तीन आठवडे न सुटलेली गाडी माझ्या दुकानात, तिघांच्या गालांवरचा साबण पुरता वाळायच्या आत सुटली. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो. सोजरबाई म्हणाली, "आता तरी भादरा त्यांला तात्या. पिठात पडलेल्या उंदरांगत दिसायलेत."

मी तिघांची दाढी केली. कोणाला एक ओरखडा नाही. जाताना अंबादास म्हणाला, "बैठकीला कोणी येत न्हाई, तात्या. दाढीला समदे येतेत. अन् साबण लावलेला माणूस उठून जात न्हाई." एवढं सांगून तो म्हातारीची पेटी उचलून रिक्षाकडं गेला. त्या दिवसापासून मी त्याला सैल म्हणायचं सोडलं. असल्या डोक्याला सैल म्हणणारा मी कोण? मी चौथीतून निघालेला माणूस, पण एवढं कळतं, की गावात दवाखाना होता, निवारा होता, मशीन होतं, सगळं होतं. नव्हता तो एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देणारा.

सोमवारी स्टँडाची भिंत पडली तेव्हा सोजरबाई निवाऱ्यातल्या दोन नंबरच्या खाटेवर बसून मॅनेजरला डाळीत मीठ कमी असल्याचं सांगत होती. सकाळी ती माझ्या दुकानात गरम पाण्याला येते. मग पाणी तापवावं लागतं. पाणी तापलं की गिऱ्हाईक बसतं. दुकान आता रोज उघडं असतं.

पुढच्या आठवड्यात अंबादास दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चहाचा थर्मास घेतला, दाढीचं सामान पिशवीत टाकलं आणि त्याच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दार लोटलेलं होतं. एक बाज, एक स्टो, एक ताटली. तापानं फणफणलेला, बाजेवर पडलेला. आणि समोरची अख्खी भिंत व्यापून तो फळा.

मी एकेक अक्षर लावून वाचायला लागलो. गाड्या नव्हत्या. माणसं होती. नाव, कुठून, मार्गे, मुक्काम. चौसाळ्याचा म्हातारा, मार्गे चावडी, मुक्काम थोरल्याचं घर. खाली कोणी खानावळीत, कोणी भावाकडं. शेवटची ओळ सोजरबाईची. स्टँडावरून, मार्गे दवाखाना, आधार, निवारा. मुक्काम, खाट नंबर दोन.

तिच्या वरची ओळ वाचली आणि थर्मास खाली ठेवला.

मारुतीतात्या. कुठून, घर. मार्गे, दुकान. मुक्कामाचा रकाना मोकळा.

"बे अंबादास," मी म्हणालो, "ह्याच्यात माझं नाव कावून? मी काय बेघर हाय? माझ्या नावावर घर हाय, घरपट्टी भरतो मी."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "चार नंबरच्या बाकड्यावर बसायचास. कुणीकडं तोंड करून बसायचास, सांग."

मी आठवायला लागलो. इतके दिवस तिथं बसलो, पण एक गाडी आठवेना. आठवली ती टपरीमागची भिंत. तिच्यावरचा निम्मा फाटलेला कागद, तिच्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप, त्याची पानं किती होती तेसुद्धा.

"भिताडाकडं," मी म्हणालो.

स्टँडासमोर चार सलून उघडी होती. बंद होतं ते एकच. अंबादासनं त्याचीच कडी वाजवली होती.

मी डोळे पुसायला पलीकडं वळलो तर खिडकी दिसली. मोठी, गज लावलेली. तिच्यातून पाडलेला स्टँड आणि त्याच्या शेजारचं मैदान दिसत होतं आणि मैदानात लाल गाड्या. त्याची बाज खिडकीच्या समोरच, पलीकडच्या भिंतीला लागून होती. पण हा खिडकीकडं पाठ करून पडला होता. उशीचा खड्डा जुना होता, त्याच बाजूचा. भिंतीला तेलकट डाग पडला होता, निजलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर.

किती वर्षं असा पडत असेल, मी विचारलं नाही. बाजेचे पाय धरले आणि ओढली.

"काय करतो बे?"

"गप पड."

बाज फिरवली. त्याला उशीला टेकवून बसवला, तोंड खिडकीकडं केलं. पिशवीतून कौसाचा चौथा टॉवेल काढला, घडी मोडली आणि त्याच्या गळ्याभोवती बांधला. कापराचा वास अजून होता. ब्रश भिजवला, साबण लावायला लागलो. साबण लावलेला माणूस उठून जात नाही.

बाहेर एक गाडी मैदानात वळली.

"चौसाळा," तो म्हणाला. "धा मिनिटं लेट हाय."

मी हात थांबवून कान पुढं केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हळू बोलला होता.